कारण निवडा

तेलगिरणीत नोकरी केलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की माहीत असते. तेल कितीही वेळा गाळा, टाकीच्या तळाला गाद साचतेच. कोणी मुद्दाम टाकत नाही, ती आपली जमत राहते. आमच्या किश्श्यांचं तेच झालंय. गिरणी बंद पडली, तेल संपलं, गाद तेवढी शिल्लक!

वडनेर भोलजीच्या अलीकडे, हायवेला लागून आमची सरकीच्या तेलाची गिरणी होती. मी तिथे वजनकाट्यावर होतो. भरलेला ट्रक तोलायचा, रिकामा ट्रक तोलायचा, पावती फाडायची. त्यामुळे माझं नावच पडलं काटाबाबू. आता गेटला कुलूप आहे आणि आम्ही जुने लोक समोरच्या चहाच्या हॉटेलात बसतो. कुलूप दिसेल अशाच बाकावर बसतो. का, ते विचारू नका.

लोक एकमेकांना भेटले की जेवण झालं का, असं विचारतात. आम्ही विचारतो, "क्लेम झाला का?"

म्हणजे पीएफचा क्लेम. दर महिन्याच्या पगारातून जे कापलं जायचं त्याला आमच्याकडे सरळ 'कपात' म्हणतात. म्हातारपणाची सोय आहे, असं सांगून कापलं. म्हातारपण वेळेवर आलं, सोय अजून रस्त्यात आहे! शिवाय काढताना चुकलात तर त्यातून पुन्हा कर कापतात. म्हणजे घालताना कपात आणि काढतानाही कपात. ही दुसरी कपात टाळायची तर कम्प्युटरवर एक चौकट उघडते, तिच्यावर लिहिलेलं असतं 'कारण निवडा'. पैसे तुमचे, घाम तुमचा, पण कारण मात्र त्यांच्या यादीतलं पाहिजे!

आमच्या गिरणीत ही कारणं निवडून द्यायचं काम टाइमकीपर वसंताभाऊंकडे होतं. गेटवर हजेरी घ्यायची, भोंगा वाजवायचा आणि पीएफचं कम्प्युटरवरचं सगळं बघायचं. गिरणी बंद झाल्यावर त्यांनी एकेकाची कागदपत्रं मार्गी लावली. स्वतःचीच राहिली आणि माणूस गेला. आता त्यांची बायको, आमच्या सुमनवहिनी, त्या पैशांसाठी खेटे घालतायत. मी जे काही सांगतोय ते फिरून फिरून तिथेच येतं. मला कितीही हसवायचं असलं तरी.

*

गिरणी चालू होती तेव्हाची गोष्ट. बॉयलरवर देविदास होता, धामणगाव बढ्याचा. नोकरीला उशिरा लागलेला, पण तोंडानं सगळ्यांत सीनियर!

त्याला घरावर पत्रे टाकायचे होते. म्हणून पीएफमधून थोडी उचल पाहिजे होती. वसंताभाऊ म्हणाले, "घराच्या कारनाले तुही नोकरी कमी पडते. दुसरं कारन पाहा." आणि त्यांनी यादी वाचून दाखवली. आजारपण, लग्न, शिक्षण... आणि खाली कुठंतरी एक कारण होतं, कारखान्याची वीज कपात.

देविदास उडालाच. "भाऊ, लोडशेडिंग? हे तं आपल्याकडं रोज असते! आजवर काऊन नाही सांगतलं? टाका हेच!"

"अबे, त्याले सर्टिफिकेट लागते."

"आनतो ना! त्यात काय!"

गेला सकाळी लाइटच्या ऑफिसात. दुपारी तोंड पाडून परत आला.

"काय झालं?"

"सर्टिफिकेट देतो म्हनतात. पन प्रिंटर बंद हाये."

"काऊन?"

"लाइट गेल्ली!"

आम्ही पोट धरधरून हसलो. देविदासही हसला. पत्रे मात्र त्या वर्षी पडले नाहीत. पावसाळाभर त्याच्या पोरी ताडपत्रीखाली झोपल्या, हे मला फार नंतर कळलं.

*

पार्वताबाई सरकी चाळायला होती. हाताला चाळणी आणि जिभेला धार. तिच्या घरात काहीतरी अडलं होतं, तिनं कोणाला सांगितलं नाही. वसंताभाऊंनी विचारलंही नाही. एवढंच म्हणाले, "आजारपनाचं कारन लवकर पास होते, पार्वताबाई."

"मंग टाका. सासूले आजारी टाका."

"सासू नाही ना यादीत! स्वतः, नवरा, लेकरं, आपले मायबाप. बस."

पार्वताबाईनं स्क्रीनमध्ये डोकं घातलं. तिला अक्षर फारसं लागत नव्हतं, तरी तिनं वरून खालपर्यंत यादी पाहिली.

"जनमभर जिथं गेली तिथं सासू आडवी आली," ती म्हणाली. "आज पयल्यांदा कामाची होती, तं नेमकी गायब!"

मग प्रश्न आला आजारी कोणाला टाकायचं. नवऱ्याचं नाव ती घेईना. लेकराचं तर विचारायचीच सोय नव्हती. आपल्या तोंडानं घरच्या माणसाला आजारी म्हणायचं, तेही खोटं, हे तिच्यानं होईना. शेवटी ती म्हणाली, "मलेच टाका. मले काय होते!"

पैसे आले. अडलेलं काम झालं.

पुढच्या उन्हाळ्यात ती खरंच अंथरुणाला खिळली. मी भेटायला गेलो. खात्यात काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. खाटेवर पडल्या पडल्या माझ्याकडे बघून म्हणाली, "काटाबाबू, मी लबाड नोती हो. निस्ती घाई केली."

*

गिरणीचा शेवटचा आठवडा. शेठ मोठा सभ्य माणूस, इंदूरकडचा. हात जोडून म्हणाला, "भाई लोग, अब नहीं चलता." संपलं.

वसंताभाऊंनी टाइम ऑफिसात एकेकाला बोलावलं. नोकरी सुटल्याची तारीख आणि सुटण्याचं कारण त्यांना कम्प्युटरवर भरायचं होतं. ते भरल्याशिवाय पैसे हलत नाहीत. आणि कारण चुकीचं पडलं तर कर. पाच वर्षं भरायच्या आत स्वतःहून नोकरी सोडून पैसे काढले तर कापतात, कारखानाच बंद पडला असेल तर सूट मिळते. आमच्या देविदासची पाच वर्षं भरायला थोडी कमीच पडत होती.

"काय टाकू बे कारन?"

"टाका, कटाळा आला."

"देविदास!"

"नाही तं टाका, शेठशी पटत नोतं."

वसंताभाऊंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते चिडले की चष्मा काढायचे. "अबे, पैशाची गोष्ट हाये! सोडली लिवलं तं कर कापते, बंद पडली लिवलं तं नाही कापत. सरळ सांग. तू गिरणी सोडली, का गिरणीनं तुले सोडलं?"

देविदासनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"भाऊ," तो म्हणाला, "घरी बायको बी हेच इचारून राह्यली!"

त्या दिवशी वसंताभाऊंनी साऱ्यांचं भरलं. माझंही भरलं. मी म्हटलं, "आता तुमचं?" तर म्हणाले, "गेट लावनारा शेवटी निंघते. दोन दिवस राहू द्या मले नोकरीवर."

मग त्यांनी शेवटचा भोंगा वाजवला आणि तो वाजत असताना मोबाइल वर धरून उभे राहिले. मला वाटलं, फोटो काढतायत. ते रेकॉर्डिंग करत होते.

*

वसंताभाऊंचं घर गिरणीच्या मागच्याच गल्लीत. इतकं जवळ, की संध्याकाळचा सुट्टीचा भोंगा झाला की वहिनी तवा चढवायच्या आणि भाऊ हातपाय धुऊन बसेपर्यंत पहिली भाकर पानात. भाऊंना त्याचा भारी अभिमान! "मी इथून बटन दाबतो," ते सांगायचे, "अन् तिकडं तवा चढते! हाये का कोनाकडं असं कनेक्शन?"

नव्हतं कोणाकडे. आमच्या बायका आम्ही घरात शिरल्यावर "आलात का?" म्हणून मग स्टोव्हकडे बघायच्या.

गिरणी बंद झाल्यावर भाऊंनी ते रेकॉर्डिंग मोबाइलला मेसेजची रिंग म्हणून लावलं. मेसेज आला की भोंगा! आणि मेसेज सारखे येत. कारण पूर्वी आमच्यातल्या निम्म्या लोकांकडे मोबाइल नव्हते, तेव्हा भाऊंनी पीएफच्या खात्यांना आपलाच नंबर लावून टाकला होता. त्यामुळे क्लेम कोणाचाही असो, ओटीपी यायचा वसंताभाऊंच्या फोनवर. दिवसाउजेडी कधीही भोंगा वाजायचा, आणि गल्लीतली जुनी माणसं दचकून घड्याळाकडे बघायची.

*

महादेव रिफायनरीत होता. तेल धुवायला कॉस्टिक वापरतात, त्यात त्याची सगळी उमर गेली. हातावरच्या रेषाच पुसून गेल्या. ज्योतिषाची फी वाचली, असं तो स्वतःच म्हणायचा.

क्लेमसाठी त्याला नांदुऱ्याला प्रणिताताईच्या ऑनलाइन सेंटरवर नेलं. ही प्रणिताताई मोठी सोशिक बाई. आमच्या गिरणीच्या लोकांशी दिवसभर बोलून संध्याकाळी घरी नवऱ्याशीही नीट बोलते, यावरून ओळखा!

मशीनवर अंगठा ठेवला. येईना. बोटं ठेवली. येईनात. हात धुवून ठेवले, पुसून ठेवले. प्रणिताताई म्हणाली, "काका, जरासं तेल लावून पाहू का?"

महादेवनं तिच्याकडे असं बघितलं, की ती पुढं बोललीच नाही.

मग तिनं मोबाइलवर चेहरा ओळखण्याचं ॲप काढलं. "काका, इथं पाहा अन् डोळे मिचकवा." मिचकवले. परत मिचकवा. परत. थोडे मोठे उघडून मिचकवा. बाहेर मलकापूरकडून येणारं ऊन डोळ्यात घुसत होतं. बघता बघता महादेवच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, आणि स्क्रीनवर हिरवी बरोबरची खूण आली!

महादेव गमछ्यानं तोंड पुसत बाहेर आला.

"झालं का?" मी विचारलं.

"झालं," तो म्हणाला. "रडलो तवा पटलं त्याले, का मी जित्ता हाये म्हनून."

*

आता माझा स्वतःचा. नाही तर म्हणाल, काटाबाबू दुसऱ्यांचंच तोलतो.

माझा क्लेम परत आला. कारण दिलेलं: चेक वाचता येत नाही. आमचा चेक, त्यावर आमचंच नाव, मला वाचता येतं, माझ्या नातीला वाचता येतं. दुसऱ्यांदा पाठवला, दुसऱ्यांदा परत. माझा मुलगा पुण्याला असतो. तो म्हणाला, "बाबा, हेल्पलाईनला फोन करा. पण नीट मराठीत बोला हं. मले-तुले करू नका."

मला राग आला. मी मुद्दाम माझ्याच भाषेत बोलायचं ठरवलं. फोन लावला. मराठीसाठी अमुक दाबा, दाबलं. एक गोड मशीन म्हणालं, "कृपया आपली समस्या सांगा."

मी म्हटलं, "बाई, माहे पैसे काऊन नाही भेटून राह्यले?"

"माफ करा. आम्हाला समजलं नाही."

"अवो, मले सांगा ना, चेक तं सोच्छ दिसून राह्यला!"

"माफ करा. आम्हाला समजलं नाही."

मग मी घसा साफ केला आणि शाळेच्या गॅदरिंगमध्ये बोलायचो तसं म्हटलं, "माझ्या भविष्य निर्वाह निधीचे पैसे मला का मिळत नाहीत?"

लगेच समजलं! "आपला दावा प्रक्रियेत आहे. धन्यवाद." आणि फोन बंद.

मुलाला सांगितलं, तर तो म्हणतो, "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

मी म्हटलं, "हाव बापा. पन वऱ्हाडीत निदान माफी तं मागत होती!"

*

वसंताभाऊ गेले ते अचानक. सकाळी गेटपर्यंत फिरून आले, कुलूप हलवून बघितलं, घरी येऊन पाणी मागितलं. वहिनी तांब्या घेऊन आल्या तोवर सगळं आटोपलं होतं.

उचलताना वहिनींनी भाऊंचा फोन माझ्या हातात दिला. "भाऊजी, कोनाकोनाचे फोन येतीन. तुमी उचला." मी खिशात टाकला.

स्मशानात सारी गिरणी जमली होती. हजेरी घेणारा तेवढा आडवा होता. भाऊंच्या जावयानं अग्नी दिला. सगळे हात जोडून उभे. आणि माझ्या खिशात भोंगा वाजला!

काय सांगू तुम्हाला! तो आवाज ऐकला आणि सारे जुने लोक एकदम हलले. महादेवचा हात डब्याची पिशवी शोधायला गेला. दोघं-तिघं तर रस्त्याच्या दिशेनं वळलेसुद्धा. मग भानावर आले आणि माना खाली घालून उभे राहिले. मोठमोठे बाप्ये हुंदके देऊन रडायला लागले. इतका वेळ कोणी रडलं नव्हतं.

देविदास हळूच सरकत माझ्याजवळ आला. त्याचेही डोळे वाहत होते. कानाशी लागून म्हणाला, "काटाबाबू, माहा ओटीपी असंन तो. प्रणिताताईले आजच कराले सांगतलं होतं मी, मले काय मालूम... पाहा ना जरा. दहा मिंटात मरते तो!"

मी त्याला शिवी दिली. मग चितेकडे पाठ करून नंबर वाचून दाखवला. दुसरं काय करणार होतो? भाऊंनीही तेच केलं असतं.

*

तेरावं झालं तसा वहिनींच्या दारात आमच्या लोकांचा राबता सुरू झाला. "वहिनी, ओटीपी आला का?" वहिनी सातवीपर्यंत शिकलेल्या. चष्मा लावून एकेक आकडा सावकाश वाचायच्या, समोरच्याकडून परत म्हणून घ्यायच्या. कोणी मेथीची जुडी ठेवून जायचं, कोणी वांगी. फोनचा रिचार्ज त्या स्वतःच्या पैशानं मारायच्या. मी म्हटलं, "वहिनी, आता आपापले नंबर बदलून घ्या म्हनावं लोकायले."

"राहू द्या ना भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्या निमित्तानं त्यायचा फोन वाजते."

त्यांच्या स्वतःच्या पैशांचं तेवढं कोणी विचारत नव्हतं. शेवटी मीच त्यांना घेऊन मोठ्या गावच्या पीएफ ऑफिसात गेलो. मृत्यूचा दाखला, पासबुक, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत. खिडकीतला माणूस काही वाईट नव्हता. त्यानं नंबर टाकला, स्क्रीन बघितली, परत नंबर टाकला.

"बाई, यांचा क्लेम नाही होत. हे नोकरीत आहेत."

"कोन?"

"तुमचे मिस्टर. नोकरी सुटल्याची तारीखच नाही. इथं ते अजून कामावर दिसतायत."

गेट लावणारा शेवटी निघतो! साऱ्या गिरणीला सोडवलं आणि हा माणूस आत राहून गेला. मला त्यांचा इतका राग आला की समोर असते तर दोन शब्द सुनावले असते, आणि समोर नव्हते म्हणून रडू आलं.

वहिनींनी मात्र खिडकीत वाकून फार साधेपणानं विचारलं, "कामावर हायेत, तं मंग पगार काऊन नाही येत?"

खिडकीतल्या माणसानं आपल्या बाटलीतलं पाणी त्यांना दिलं. ती तारीख फक्त गिरणीच भरू शकते, असं तो मला हळू आवाजात म्हणाला. गिरणी म्हणजे कोण? कुलूप?

*

शेठला फोन केला. शेठ म्हणाला, "अरे भाई, वसंतजी का काम है, मना थोड़ी है." त्यानं आपली कम्प्युटरवर सही करायची पेनड्राइव्ह इंदूरहून ट्रॅव्हल्सनं पाठवून दिली. कंपनीच्या खात्यात शिरायचा ओटीपी मात्र अजून वसंताभाऊंच्याच फोनवर यायचा. म्हणजे भाऊंना नोकरीतून काढायला परवानगी भाऊंचीच!

प्रणिताताई लॅपटॉप घेऊन वहिनींच्या घरी आली. मी होतो, देविदास होता. दुपारी बसलो आणि लाइट गेली. इंटरनेटही गेलं. देविदास म्हणाला, "सर्टिफिकेट आनू का?" पण कोणी हसलं नाही. चहा झाला, परत चहा झाला. लाइट आली तेव्हा उन्हं पार भिंतीवर चढली होती.

फोन मी हातात धरून बसलो होतो. पहिला ओटीपी आला, भोंगा अर्धा वाजला तोच मी दाबून बंद केला आणि आकडे सांगितले. कंपनीच्या खात्याचं दार उघडलं. मग वहिनींनी फोन मागून घेतला आणि आत नेऊन देवाच्या फळीवर ठेवला. प्रणिताताईनं भाऊंचं नाव काढलं, तारीख भरली. मग ती चौकट आली. कारण निवडा.

"काय काय हाये त्यात?" वहिनींनी विचारलं.

प्रणिताताई वाचायला लागली. राजीनामा. कारखाना बंद. सेवानिवृत्ती.

"हे टाक," वहिनी म्हणाल्या. "रिटायर. त्यायले लय हौस होती. शाल-नारळ भेटन, फोटो काढतीन, म्हनत. पुढच्याच साली होनार होते."

"काकू, रिटायर टाकलं तर पैसे त्यांच्याच सहीनं निघतात. त्यांना स्वतः यावं लागते."

"येत असतीन तं टाक ना."

प्रणिताताईनं माझ्याकडे पाहिलं. मी देविदासकडे पाहिलं. देविदास, ज्याला जगात कधी शब्द कमी पडले नाहीत, तो पायाच्या अंगठ्याशी काहीतरी करत बसला होता.

"अजून एक हाये ना खाली?" वहिनी म्हणाल्या.

"हो काकू."

"वाच."

"काकू, मी सरळ निवडते ना, वाचायचं काय..."

"वाच तू."

तिनं वाचलं. फार हळू वाचलं, पण ऐकू आलं.

"टाक," वहिनी म्हणाल्या.

प्रणिताताईनं ते निवडलं. शेवटच्या मंजुरीचं बटन दाबलं. "आता परत ओटीपी येईल काकू, तो तेवढा सांगा."

आत फळीवर भोंगा वाजला. पूर्ण वाजला, कोणी दाबला नाही. सुट्टीचीच वेळ होत आली होती.

वहिनी उठल्या. फोन आणायला गेल्या असं आम्हाला वाटलं. गॅस पेटल्याचा आवाज आला. तवा ठेवल्याचा आला. मग भाकर थापायचा आवाज सुरू झाला, थप थप थप.

आम्ही तिघंही जागचे हललो नाही. प्रणिताताईच्या स्क्रीनवर आकडे उलटे धावत होते. मी तोंड उघडलं, तर देविदासनं माझ्या मांडीवर हात ठेवला. आकडे संपले. वेळ संपली, परत पाठवा, असं काहीतरी लाल अक्षरात आलं.

थापण्याचा आवाज थांबला. वहिनी पिठाच्या हातानं दारात येऊन उभ्या राहिल्या. गल्लीकडे बघितलं, गिरणीच्या बाजूला. मग आमच्याकडे बघितलं.

"काकू," प्रणिताताई म्हणाली, "परत पाठवू?"

"पाठव," वहिनी म्हणाल्या. "पन आधी त्याचा आवाज बंद कर."